बांधावरची वाट

रस्ता बांधावा लागतो, वाट पडते. रस्त्याला कंत्राटदार असतो, मोजमाप असते, उद्घाटन असते. वाटेला यांतले काहीच नसते. पहिला माणूस ज्या बाजूने गेला त्याच बाजूने दुसरा जातो, आणि ज्याच्या शेताच्या कडेवरून ते जातात तो त्यांना अडवीत नाही, एवढ्यावर वाट उभी असते. तेव्हा वाटेच्या मुळाशी पायांपेक्षाही न अडवणाऱ्याचे मन अधिक असते, असे आम्हांस वाटते.

जयपूरच्या विद्याधरनगरात राहणाऱ्या आमच्या वाचकांना फिरण्याची सोय मुबलक आहे. जयपूर नगरीच्या आखणीशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या विद्याधर भट्टाचार्यांच्या स्मरणार्थ या वसाहतीचे नाव पडले, आणि तिचा आराखडा केला तो पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींनी. जवळच नाहरगडाच्या पायथ्याशी किशनबाग आहे. वाळूच्या टेकड्या आणि मरुभूमीची झाडेझुडपे जपून त्यांमधून लाकडी पायवाट नेलेली आहे. काम रसिकतेचे आहे, आम्हांस ते मनापासून आवडते. परंतु ती वाट ज्या फाटकातून निघते त्याच फाटकाशी माणसाला परत आणून सोडते. ती फिरण्याची वाट आहे, जाण्याची नव्हे.

आता शहरातील सुशिक्षितांस वाटू लागले आहे की अशा वाटा खेड्यांतूनही न्याव्यात. चालणाऱ्यांना व सायकलवाल्यांना मोटारींपासून दूर, झाडांच्या सावलीतून या गावाहून त्या गावास जाता यावे. इच्छा चांगली आहे. पण जमीन कोणाची? ज्याचे सारे पोट दोन एकरांवर आहे, त्याच्यापाशी प्रकृतीसाठी हिंडणाऱ्याने चार हात पट्टी मागावी काय? आमचे उत्तर असे की नुसत्या हिंडण्यासाठी मागू नये. करमणुकीचा हक्क उपजीविकेच्या हक्कापुढे उभा राहू शकत नाही, आणि सरकारी मोजणीदार बरोबर आणल्याने तो मोठाही होत नाही.

मात्र त्याच बांधावरून आणखीही कोणी जात असते. राजस्थान सरकार शाळेतील मुलींना सायकली देते (सरकार पालटले की त्यांचा रंग पालटतो, हा भाग वेगळा!), महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून गरजू तालुक्यांतील मुलींना सायकली मिळतात. सायकल दिली; ती चालवावी कोठे? मालमोटारींच्या हमरस्त्याच्या कडेने? ज्या घरी याचे उत्तर सापडत नाही, तेथे सायकल ओसरीत उभी राहते आणि मुलगी घरात. तिच्यासाठी ती पट्टी मागणे ही करमणूक नव्हे. तिला वाट मिळाली म्हणजे सकाळी फिरायला निघालेल्या आपल्यासारख्यांनीही त्याच वाटेने जावे, थोडे बाजूस होऊन.

कायदा या बाबतीत मुका नाही. राजस्थानच्या १९५५ च्या काश्तकारी अधिनियमाचे २५१ वे कलम, महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेचे १४३ वे कलम, आणि त्याहूनही जुना १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम हे सारे वहिवाटीचेच कायदे आहेत. त्या खटल्यांतून गेलेल्या आमच्या अधिकारी वाचकांना निराळे सांगणे नको की निकालाने वाट मोकळी होते, पण ज्याच्या बांधावरून ती जाते त्याचे मन मोकळे होतेच असे नाही. पुढच्या पावसाळ्यात तेथे पुन्हा काटे येऊन पडतात. म्हणूनच जयपूर जिल्हा प्रशासनाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू केलेले ‘रास्ता खोलो अभियान’ आम्हांस महत्त्वाचे वाटते. वर्षानुवर्षे बुजलेल्या शेतवाटा, दोन्ही बाजूंना एकत्र बसवून, शक्य तेथे समजुतीने मोकळ्या करण्याचा तो प्रयत्न आहे. ज्या तहसीलदाराने असा एक समेट घडवला असेल, त्याने दहा निकालपत्रांपेक्षा अधिक काम केले असे आम्ही म्हणू.

तरी नुसत्या समजुतीवर विसंबणे बरे नव्हे. १९५१ साली पोचमपल्लीहून विनोबांची भूदानयात्रा निघाली. त्यांनी मागितले त्या मानाने बांधावरच्या वाटेचे दान ते किती! पण भूदानात मिळालेली पुष्कळ जमीन कागदावरच राहिली. देताना मनात जे होते ते दप्तरात उतरले नाही, आणि दात्याच्या मुलाने ते मानले नाही. २०२५ साली महाराष्ट्र शासनाने शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात घेण्याचे ठरविले, ते याच कारणाने योग्य होय. बापाचा शब्द मुलाला रकान्यात वाचता आला पाहिजे.

पंढरीची वाट शतकानुशतके पायांनी राखली. २०२१ च्या नोव्हेंबरात पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची कोनशिला बसली, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांनी वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पदपथ योजलेला होता. रुंद रस्त्याने जुनी सावली घेतली की नवी सावली यावयास एक पिढी लागते, हे मात्र आषाढीस चालणाऱ्याला कोणी सांगावयास नको.

तेव्हा जयपूर जिल्ह्यात ज्या वाटा आता मोकळ्या झाल्या आहेत, त्यांच्याच कडेने झाडे लावण्यापासून आरंभ करावा असे आम्ही सुचवू. नवी जमीन मागण्याचे कारण पडणार नाही. झाड खेजडीचे असावे, म्हणजे आपली शमी. तिच्याखाली पीक येते, तिचा पाला जनावरे खातात आणि तिच्या शेंगांची सांगरी बाजारात चांगल्या भावाने जाते. सांगरी बांधाच्या धन्याची, हे पहिल्याच दिवशी लिहून द्यावे. राहिला प्रश्न रोपांना पहिले दोन उन्हाळे पाणी घालण्याचा. ते काम विद्याधरनगरातून सकाळी सायकलीवर निघणाऱ्या मंडळींनी अंगावर घ्यावे, आणि रविवारी हांडे भरलेली एखादी गाडी बरोबर न्यावी.