मोडलेली ट्रॉली आणि मागची गाडी

वाचकहो, दिवे घाटाच्या चढणीला माउलींच्या रथास जादा बैलजोड्या जुंपतात. ती मदत कोणास कमीपणाची वाटत नाही. पण पुणे सोडून सासवडच्या मुक्कामी निघालेल्या एखाद्या दिंडीच्या ट्रॉलीचा पाटाच मोडला, तर मागच्या गाडीवाल्याने काय करावे? थांबला, तर त्याच्याच दिंडीचे वारकरी उपाशी बसायचे. पुढे गेला, तर दुसऱ्यांची चूल पेटायची नाही. आम्हांस वाटते, त्याने थांबावे, ट्रॉलीच्या चाकामागे दगड लावावा, आणि शिधा तेवढा आपल्या गाडीत घ्यावा. तंबू येतील मागाहून. मात्र जागेसाठी आपलेच सामान उतरवायचे, तर ते गाडीवाल्याचे नव्हे, दिंडीचे. दुसऱ्याच्या जिवावर उदार होणे सोपे असते हो! आता फोन खिशात असतोच. दिंडीप्रमुखांना विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत जॅक लावायला घ्यावा.