कलावंताचे देशांतर

ज्या भूमीने सूर दिला ती सोडून कलावंत परदेशी गेला, तर तो कृतघ्न ठरतो काय? कोणी त्यास पळपुटा म्हणतात; कोणी ‘कलेला देश नसतो’ असे म्हणून मोकळे होतात. आम्हांस ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. दक्षिण आफ्रिकेतील जाझ-वादकांची कहाणी या दृष्टीने विचारणीय आहे.

गायिका मिरियम माकेबा १९५९ साली देशाबाहेर पडली. पुढच्याच वर्षी आईच्या अंत्यविधीस येऊ पाहता आपले पारपत्र रद्द झाल्याचे तिला कळले. १९६० सालीच, शार्पव्हिल येथील हत्याकांडानंतर, ट्रंपेटवादक ह्यू मासेकेला गेला. १९६२ त पियानोवादक अब्दुल्ला इब्राहिम गेला. १९६४ त ‘ब्लू नोट्स’ हा मेळ फ्रान्समधील महोत्सवाच्या निमित्ताने गेला. त्यातील पियानोवादक गोरा व साथीदार काळे. वर्णभेदाच्या कायद्यांखाली त्यांनी एकत्र वाजविणेही दुरापास्त झाले होते. त्यांपैकी चौघांस मरण परदेशातच आले.

युरोपचा यात लाभ झाला, हे निर्विवाद आहे. परंतु मायदेशाची हानी केवळ गेलेल्यांच्या संख्येने मोजता येणार नाही. जाझ ही, आपल्या गायकीप्रमाणेच, जाणत्याच्या शेजारी बसून उचलावयाची विद्या आहे. जाणते गेले, म्हणजे शिकणाऱ्याची शेजारची जागा रिकामी झाली. सर्वच ओसाड पडले असे नव्हे; मागे राहिलेल्या विन्स्टन मंकुंकू न्गोझीची ‘यखाल इन्कोमो’ ही ध्वनिमुद्रिका १९६८ ची आहे. तथापि राहणे म्हणजे सुख नव्हते. मासेकेला व इब्राहिम यांचा ज्येष्ठ सहवादक किपी मोएकेत्सी १९६१ त लंडनला जाऊनही परतला, आणि १९८३ त दारिद्र्यात वारला.

मग दोष कोणाचा? येथे भूमी आणि राज्यसत्ता यांत भेद करणे आवश्यक आहे. ज्या सत्तेने माणसास नागरिकही मानले नाही, तिला त्याच्याकडे निष्ठा मागण्याचा अधिकार उरत नाही. मात्र वस्तीतील पोराने काय अपराध केला होता? त्याचे ऋण जाणाऱ्याच्या माथी राहतेच. पण ते पाप नव्हे, ओझे आहे. इब्राहिमने १९७४ त केपटाउनला येऊन ‘मॅनेनबर्ग’ ध्वनिमुद्रित केले, आणि ती धून प्रतिकाराची धून झाली. ऋण असेही फेडता येते.

म्हणून आमचे मत असे की, जाणाऱ्याचा न्याय करण्यापूर्वी त्यास घालविणाऱ्याचा न्याय व्हावा.