दात्याचे दान आणि दात्याचे ऋण

अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर आज उघड्या आकाशाखाली दिसणारे दगडी नाट्यगृह मुळात ओडियन, म्हणजे मुख्यतः गायनवादनासाठी बांधलेले प्रेक्षागृह होते; सुमारे ५,००० श्रोत्यांच्या या वास्तूवर देवदाराचे छत होते आणि इ.स. २६७ च्या सुमारास हेरुली टोळ्यांच्या स्वारीत ते नष्ट झाले. ती बांधणारा हेरोडेस ॲटिकस हा गडगंज श्रीमंत अथेन्सकर, वक्तृत्व शिकवणारा ‘सोफिस्ट’, इ.स. १४३ मधील रोमचा कॉन्सल आणि सम्राट मार्कस ऑरेलियसचा गुरू होता. पत्नी रेगिला हिच्या स्मरणार्थ त्याने हे बांधकाम केले, आणि तिच्याच मृत्यूचा आरोप त्याच्यावर होता.

चरित्रकार फिलोस्ट्रॅटस सांगतो की, रेगिलाला आठवा महिना असताना हेरोडेसच्या हुकुमावरून अल्किमेडॉन या मुक्त केलेल्या गुलामाने तिला मारहाण केली आणि अकाली प्रसूतीत ती दगावली, असा आरोप तिच्या भावाने केला. त्यातून हेरोडेस सुटला. त्याच्या बाजूने फिलोस्ट्रॅटस हे नाट्यगृह तर पुढे करतोच, पण त्याहून लक्षणीय असा एक धार्मिक पुरावाही देतो. हेरोडेसने रेगिलाचे दागिने एल्युसिसच्या देवींना, म्हणजे धान्यदेवता डीमिटर आणि तिची कन्या यांना, अर्पण केले. तो खुनी असता तर अशा अर्पणाने क्षमा मिळण्याऐवजी देवींचा सूडच ओढवला असता. येथे अर्पणाला दिव्याचे स्वरूप येते. परंतु अपराध्यालाही श्रद्धा असते, आणि पश्चात्तापाने पोळलेला माणूसही तेच दागिने देवापुढे ठेवील, हे या युक्तिवादात सुटून जाते.

शोकाचा पुरावाही असाच दुबळा आहे. हेरोडेसने घर काळ्या पडद्यांनी आणि काळसर संगमरवराने झाकून टाकले होते. तेव्हा त्याच्या जेवणासाठी पांढरे मुळे धुतले जाताना पाहून तत्त्वज्ञ ल्युशियसने, काळ्या घरात पांढरे मुळे खाणे हा रेगिलाचा अपमान आहे, असा टोला दिला आणि हेरोडेसने ते काळे आच्छादन काढून टाकले.

रोमन तत्त्वज्ञ सेनेकाच्या मते उपकाराचे सार दिलेल्या वस्तूत नसून देणाऱ्याच्या मनात असते. ॲरिस्टॉटलने मात्र ‘भव्य औदार्य’ हा गुण सांगताना प्रसंगाला शोभेल अशा सार्वजनिक खर्चावर भर दिला. या दोन मतांत येथे ॲरिस्टॉटलचेच अधिक उपयोगी पडते, कारण हेरोडेसचे मन कोणालाही तपासता येत नाही आणि नाट्यगृह मात्र शहराच्या खरोखर उपयोगी पडले. तरीही औदार्याच्या आधी न्याय येतो. हेरोडेसच्या वडिलांनी प्रत्येक अथेन्सकराला दरवर्षी एक मिना, म्हणजे शंभर द्राख्मा, मिळावा असे मृत्युपत्र केले होते; हेरोडेसने त्याऐवजी एकदाच पाच मिना देण्याचे ठरवून त्यातून लोकांची जुनी कर्जे वळती केली, आणि त्याने बांधलेले संगमरवरी क्रीडांगण आपल्याच पैशांचे आहे, असे लोक म्हणू लागले. जे देणे होते ते बुडवून वर दान म्हणून दिले, ही त्यांची तक्रार रास्तच होती.

तरीही तो वारल्यावर अथेन्सच्या तरुणांनी त्याचा देह मॅरेथॉनहून शहरात आणला आणि त्याच क्रीडांगणात पुरला. त्याला अशी क्षमा करण्याचा शहराला अधिकार होता, कारण बुडालेले पैसे शहराचे होते; रेगिलाच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार मात्र नाट्यगृहात बसणाऱ्या पाच हजारांपैकी एकालाही नव्हता.