कोरड्यावरचा सौदा

2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरणाचा तळ उघडा पडला. केज तालुक्यातल्या धनेगावचं हे धरण लातूरची तहान भागवायचं. ते आटलं आणि एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे लातुरात आली, हे साऱ्या देशानं पाहिलं. धरणाच्या पोटात, भेगाळलेल्या गाळावर मासेमारांच्या होड्या कलंडून पडल्या होत्या, त्यांच्याकडं मात्र फारसं कुणी पाहिलं नाही. जाळी माळ्यावर गेली, तरणी पोरं कामाला पुण्याकडं गेली, आणि मागं राहिलेल्यांनी होड्या विकायला काढल्या.

माजलगाव धरणाच्या काठचे एक नाना पुतण्याला घेऊन मे महिन्यात तिथं पोचले. सिंदफणेवरच्या त्यांच्या धरणातही त्या साली वापरायजोगं पाणी उरलं नव्हतं. पण दुष्काळात होडी स्वस्त मिळते आणि पाऊस आज ना उद्या येतोच, असा नानांचा हिशेब होता. होडी पत्र्याची होती. विहिरीवरचं पाच एच.पी.चं डिझेल इंजिन तिच्यावर बसवून मागं पंखा जोडलेला. मालकानं बादलीत नळी सोडली, हँडल मारलं, आणि पहिल्याच झटक्यात इंजिन धडधडलं. नानांनी पट्टी काढून ऑइल पाहिलं. ताजं, सोनेरी. पाण्यात घालून दाखव म्हणावं तर पाणी होतं कुठं? पाच मिनिटांत इंजिन बंद झालं. 28,000 ला सौदा तुटला, इसार दिला, चिठ्ठी झाली. उरलेले पैसे नानांनी व्याजानं काढले आणि होडी टेम्पोत घालून गावी आणली.

हँडल मारण्याआधी कुणी इंजिनाच्या हेडवर हात ठेवला असता, तर ते गरम लागलं असतं. पाहुणे येण्याआधीच मालकानं ते चालवून तापवून ठेवलं होतं. थंड इंजिन आपलं दुखणं सांगतं, तापलेलं झाकतं. आणि ऑइल एवढं ताजं का, हेही विचारायचं राहून गेलं.

सप्टेंबरात पावसानं झोड धरली. सिंदफणा दुथडी भरून वाहिली, धरणात पाणी चढत गेलं. नानांनी नारळ फोडून होडी लोटली. सुरुवातीला सारं ठीक होतं. काठाकाठानं जायचं, जाळं टाकायचं, परत यायचं. सकाळी सुरू व्हायला इंजिन कुरकुर करायचं आणि पांढरा धूर सोडायचं, पण नवं पाणी, नवा हंगाम, मासळीला गिऱ्हाईक, म्हणून तिकडं कुणी लक्ष दिलं नाही.

एका संध्याकाळी चांगले चार-पाच किलोचे कटले सापडले आणि दोघं भर धरणातून परत फिरले. वारा समोरून होता. मध्यावर इंजिनाचा आवाज बसला, धूर दाटला, आणि ते बंद पडलं. पुतण्यानं हँडल मारमार मारलं. मग पट्टी काढली. टोकावरून जे ओघळलं ते ऑइल नव्हतंच. पिवळट, दुधाळ, फेसाळ असं काहीतरी होतं, त्याच्या बोटांना चिकटलं. इंजिनाच्या भरवशावर दोघांनी वल्हीही घेतली नव्हती. अंधार पडला तरी होडी वाऱ्यानं वाहत होती. नाना जाळ्याच्या बांबूनं पाणी मागं सारत राहिले. पुतण्या बोटं पुसत एकच बोलत होता, "त्याला म्हाईत होतं, नाना. त्याला समदं म्हाईत होतं." रात्री उशिरा चप्पूवरल्या दोघांनी त्यांना ओढून काठाला लावलं.

मिस्त्रीनं दुसऱ्या दिवशी हेड उतरवलं. गॅस्केट जळून पाण्याची वाट ऑइलमध्ये उघडी झाली होती, हेडही वाकलं होतं. धरण आटत असताना गाळातून होडी चालवली, पाणी ओढणारी नळी चिखलानं तुंबली, आणि इंजिन पाण्यावाचून तापत राहिलं, असा त्यानं निदानाचा माग लावला. नाना जुन्या मालकाकडं गेले. तो भांडला नाही. म्हणाला, "घरात दाणा नव्हता नाना. मी बी असंच घेतलं होतं, मला तरी कुणी सांगितलं?" दुष्काळात विकणारा अडलेला असतो आणि घेणाराही. त्या बाजारात खोट दडवणाऱ्याला कुणी वाईट म्हणत नाही, आणि हीच गोष्ट मला दुष्काळाइतकी भयंकर वाटते.

महिन्याभरात गोदाकाठचा एक पाहुणा होडी पाहायला यायचा निरोप आला. त्याला माणसं ने-आण करायची होती. 2018 ला अधिक महिना होता, पुरुषोत्तमपुरीला तेव्हा माणसांचा पूर लोटतो, त्याची तयारी तो आतापासून करत होता. पुतण्याचे डोळे चमकले. "नाना, ऑइल बदलू, जाड टाकू. सकाळी चालवून तापवून ठेवू. तासभर काही व्हत न्हाई. व्याज तरी फिटंल."

नाना जाळं विणत होते. सुई थांबवून म्हणाले, "त्याला म्हाईत होतं, असं तू पाण्यात म्हनला व्हतास. आता तुला बी म्हाईत हाय."

पाहुणा आला तेव्हा नानांनी त्याला दुधाळ ऑइलची पट्टी दाखवली, वाकलेलं हेड दाखवलं, आणि माणसं बसवायची असतील तर असं इंजिन घेऊ नका म्हणून सांगितलं. पाहुणा चहा पिऊन गेला. पुतण्या दोन दिवस नानांशी धड बोलला नाही. नानांनी दोन शेळ्या विकल्या, हेड लेथवर नेऊन सरळ करून घेतलं, नवं गॅस्केट घातलं. मग रोज पहाटे गार इंजिनावर हँडल मारायचं आणि भर धरणात जाऊन यायचं, असं काही दिवस केलं. ऑइल स्वच्छ राहिलं.

हिवाळ्यात तोच पाहुणा परत आला, बरोबर स्वतःचा मिस्त्री घेऊन. "आणखी तीन होड्या पाहिल्या," तो म्हणाला. "एकीतही काही खोट न्हाई म्हनले. म्हनून इकडं आलो." मिस्त्रीनं इंजिन तपासलं, होडी वाऱ्यात नेऊन आणली आणि मान हलवली. भाव ठरला 30,000. व्याज फेडून नानांच्या हाती फार काही उरणार नव्हतं.

सौदाचिठ्ठी पुतण्या लिहीत होता. हेड सरळ केलं, गॅस्केट बदललं, हे नानांनी सांगितलं तसं लिहिलं. मग त्यानं पेन थांबवलं आणि न विचारता एक ओळ आणखी लिहिली : पिस्टनच्या रिंगा घासल्या आहेत, दोन हंगामांत बदलाव्या लागतील.

पाहुण्याच्या मिस्त्रीच्याही ते नजरेतून निसटलं होतं. पाहुण्यानं ती ओळ दोनदा वाचली. "मग 2,000 कमी देतो," तो म्हणाला.

"द्या," पुतण्या म्हणाला, आणि माजलगावात चांगल्या रिंगा कुठं मिळतात ते त्याला समजावून सांगू लागला.