वारशाचा मेहनताना

तंजावरच्या बृहदीश्वराच्या प्राकारात, नैर्ऋत्येकडील भिंतीवर, १८०३ साली सरफोजी महाराजांच्या आज्ञेने कोरलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आजही वाचता येतो. बाबुराय चिटणिसांनी रचलेली ती वंशकथा वाचताना एक गोष्ट माझ्या मनातून हलत नाही. ज्याच्या वारशाविषयी कोणी शंका घेतली नाही, तो मनुष्य आपली वंशावळ पाषाणावर उमटविण्याची यातायात सहसा करीत नाही. आणि सरफोजींचा वारसा तर त्यांच्या बालपणापासून दहा वर्षांहून अधिक काळ परक्यांच्या कचेरीत निवाड्यासाठी पडून राहिलेला होता.

ती कथा थोडक्यात अशी. तुळजाजी राजांनी मृत्यूपूर्वी सरफोजींना दत्तक घेतले आणि धर्मोपदेशक श्वार्ट्झ यांच्या हाती त्या बालकाचे पालकत्व सोपविले. १७८७ मध्ये राजे निवर्तल्यावर त्यांचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी हक्क सांगितला, कंपनी सरकारने पंडितांचे मत मागविले, आणि पंडितांनी दत्तकविधान अशास्त्र ठरविल्यामुळे गादी अमरसिंहांकडे गेली. पुढे त्या पंडितांनी लोभाने मत दिल्याचा आरोप झाला. उत्तरेकडील शास्त्र्यांची मते पुन्हा मागविण्यात आली. दत्तक सशास्त्र ठरला आणि १७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसले. न्याय झाला असे म्हणावयास हरकत नाही. परंतु पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १७९९ रोजी, जो तह झाला त्याने राज्याचा सारा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे किल्ला, एक लक्ष होन आणि वसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच राहिले. ज्याने वारसा मिळवून दिला त्यानेच वारशातील मुख्य भाग घेतला. एवढा मोठा मेहनताना आमच्या इतिहासात दुसऱ्या कोणी क्वचितच वसूल केला असेल.

हे सारे आज आठवण्याचे कारण निराळे आहे. पश्चिम राजवीथीत, ज्या रस्त्याला येथे मेल वीदि म्हणतात, तेथे जिचे माहेर आहे अशी एक परिचित बाई गेल्या महिन्यात माझ्याकडे आली. वडील निवर्तून चार वर्षे झाली. घर आणि कावेरीच्या पाटाखालची थोडी नंजा जमीन थोरल्या भावाच्या ताब्यात. तिला हिस्सा हवा आणि भाऊ बोलावयास तयार नाही. एका वकिलाने तिला सांगितले होते की आता फी म्हणून काही नको, निकाल लागल्यावर जो हिस्सा मिळेल त्यातला तिसरा भाग द्यावा. “अण्णा, पदरचे काही द्यायचे नाही,” ती म्हणाली, “मग यात वाईट ते काय?”

प्रश्न प्रामाणिक होता, आणि ज्याच्या हातात पैसा नाही त्याला असा प्रस्ताव देवदूतासारखा वाटणे स्वाभाविक आहे. तरी मी तिला जे सांगितले ते येथे सविस्तर लिहितो, कारण तिच्यासारखी माणसे मराठी बोलणाऱ्या प्रत्येक गावात आहेत आणि ती हा प्रश्न बहुधा उशिरा विचारतात.

प्रथम कायद्याची गोष्ट. भारतीय वकील परिषदेच्या व्यावसायिक आचारनियमांतील विसावा नियम स्पष्ट आहे: वकिलाने दाव्याच्या निकालावर अवलंबून असलेली फी ठरवू नये आणि दाव्यातून मिळणाऱ्या वस्तूत वाटा घेण्याचा करार करू नये. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने एका ज्येष्ठ वकिलाचा असा करार गैरवर्तन ठरविला, आणि २०१७ मध्ये, हुकूमनाम्याच्या रकमेची टक्केवारी फी म्हणून मागणाऱ्या वकिलाच्या प्रकरणात, तसा करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध असल्याचे पुन्हा सांगितले. गंमत म्हणून नव्हे, तर विचारार्थ नमूद करतो की अशीच देवघेव पक्षकार आणि एखादा तिऱ्हाईत धनको यांच्यात झाली, तर ती केवळ तेवढ्याने बेकायदेशीर ठरत नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने १८७६ मध्येच मानले होते. तिऱ्हाइताला जे चालते ते वकिलाला चालत नाही. कारण तो तिऱ्हाईत नाही.

या भेदातच सारे मर्म आहे. आपण वकिलाकडे जातो तेव्हा त्याची बुद्धी आणि विद्या तर मागतोच, परंतु त्याहून अधिक त्याचा निःस्पृह सल्ला मागतो. आणि वाटणीच्या दाव्यात सर्वांत मोलाचा सल्ला पुष्कळदा “दावा चालवू नका, समजुतीने घ्या” हाच असतो. ज्याने स्वतःसाठी तिसरा भाग राखून ठेवला आहे तो हा सल्ला कोणत्या मनाने देणार? भाऊ पुढे येऊन म्हणाला की “जमीन तू घे, घर मला राहू दे”, तर बहिणीला ते मान्य असूनही तिच्या वकिलाला मान्य नसेल, कारण जमिनीपेक्षा घराचा भाव अधिक आणि त्याचा भाग घरातून अधिक. अशा रीतीने घरातील वारसांच्या पंक्तीत एक नवा वारस येऊन बसतो, ज्याने वडिलांची शुश्रूषा केली नाही, आईची शिवी खाल्ली नाही, आणि ज्याला वाड्याच्या तुळशीवृंदावनाशी काही कर्तव्य नाही.

तंजावरच्या भोसल्यांचा पहिला वाटणीचा तंटा याच कारणास्तव मला आठवतो. १६७७ च्या कर्नाटक स्वारीत शिवछत्रपतींनी कोळ्ळिडम नदीकाठी तिरुमळवाडी येथे आपले बंधू व्यंकोजीराजे यांना भेटीस बोलावून शहाजीराजांच्या दौलतीतील अर्धा वाटा मागितला. बोलणी फिसकटली, व्यंकोजी रातोरात निघून गेले, पुढे लढाई झाली. आणि अखेर जो समेट झाला त्यात व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांचा शहाणपणा आणि रघुनाथपंत हणमंते यांची मध्यस्थी कामास आली. बंगळूर वगैरे प्रांत शिवछत्रपतींनी दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी लावून दिला. दोन भावांत अर्ध्या दौलतीचा वाद, आणि तो मिटला तो घरच्या सुनेचा मान राखून. त्या वाटाघाटीत बोलणाऱ्या कोणाचा हिस्सा निकालावर टांगलेला असता, तर ती चोळीबांगडी कोणाच्या मनात तरी आली असती काय?

आता फीचा खरा हिशेब. वाटणीच्या दाव्यात जो खर्च होतो त्यातला वकिलाचा मेहनताना हा एक भाग आहे, सर्व खर्च नव्हे. तमिळनाडूच्या कोर्ट फी कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे, वादीचा मिळकतीवर सामाईक कब्जा असेल तर वाटणीच्या दाव्यास ठराविक आणि अल्प रसूम लागते. पण वादीला कब्ज्यातून पूर्णपणे वगळले असेल तर तिच्या हिश्श्याच्या बाजारभावावर शेकड्याने रसूम द्यावी लागते, आणि हा दर २०१७ मध्ये साडेसातावरून तीन टक्क्यांवर आणला गेला. म्हणजे दाव्याच्या अर्जातील एक वाक्य, “मी आजही सामाईक कब्ज्यात आहे” किंवा “मला हाकलून दिले आहे”, हे हजारो रुपयांचे वाक्य असते. आणि ते खरे असले पाहिजे. त्याशिवाय तहसिलीतला वारसदाखला, बोजाचा दाखला, ज्याला येथे विल्लंग म्हणतात, पट्ट्याच्या नकला, मोजणी, आणि प्राथमिक हुकूमनामा झाल्यावर प्रत्यक्ष वाटप करण्यासाठी नेमलेल्या कमिशनरची फी. प्राथमिक हुकूमनाम्याने हिस्सा ठरतो. हातात जमीन येते ती अंतिम हुकूमनाम्याने. या दोहोंमध्ये कित्येक वर्षे जातात, आणि पक्षकार समजत असतो की आपण जिंकलो.

म्हणून वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी विचारावे: दावा दाखल करण्यापर्यंतची फी किती, साक्षीपुराव्याची किती, प्राथमिक हुकूमनाम्यानंतर पुन्हा देणे आहे काय, अपील झाले तर ते या रकमेत धरले आहे काय, कारकुनाचा आणि नकलांचा खर्च निराळा काय. हे सारे कागदावर घ्यावे आणि प्रत्येक रकमेची पावती मागावी. यात अविश्वास नाही. वकिलाने पक्षकाराच्या पैशाचा हिशेब ठेवावा हे त्याच्याही आचारनियमांत लिहिलेले आहे. आपल्याकडे वैद्याला आणि वकिलाला पैशाविषयी विचारणे अप्रशस्त मानण्याची जी रीत आहे, ती मला हानिकारक वाटते. संकोचाने न विचारलेली रक्कम पुढे द्वेषाने विचारली जाते.

जुन्या मराठी राज्यात हा संकोच नव्हता. तंटा जिंकणाऱ्याने सरकारास हरकी द्यावी, हरणाऱ्याने गुन्हेगारी द्यावी, असा उघड दस्तूर होता, आणि दोन्ही पक्षांना न्यायाची किंमत आधी ठाऊक असे. कंपनीच्या अदालतींतही वकिलाचा मेहनताना प्रारंभी सरकारी रेग्युलेशनने बांधून दिलेला होता. १८४६ च्या कायद्याने तो वकील आणि पक्षकार यांच्या करारावर सोडला. म्हणजे जे पूर्वी सरकार ठरवीत असे ते ठरविण्याचा अधिकार त्या वर्षापासून आपल्या हाती आला, आणि अधिकाराबरोबर विचारण्याचे कर्तव्यही आले.

वकिलाची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. वीस वर्षे चालणाऱ्या दाव्यात तो तारखेमागून तारखेस उभा राहतो, दस्त वाचतो, साक्षीदार तयार करतो. आणि हिस्सा हाती पडताच पुष्कळ पक्षकार त्याला ओळख दाखवीत नाहीत. ठरलेली फी बुडविणे हे भावाचा हिस्सा बुडविण्याइतकेच पाप आहे. फक्त एवढेच की त्या थकबाकीसाठी वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हे ठरविले आहे. त्याने हवी तर फीसाठी फिर्याद करावी. परंतु आजोबांचे खरेदीखत हे ओलीस ठेवण्याची वस्तू नव्हे.

आणि फी ठरवून झाली तरी एक किंमत कोणताही वकील कागदावर लिहून देऊ शकत नाही, ती काळाची. १८५५ मध्ये तंजावरचे शिवाजीराजे पुत्राविना वारले. कंपनीने संस्थान खालसा केले आणि पुढच्या वर्षी राजवाड्यातील खासगी चीजवस्तूंवरही मोहोर लावली. थोरल्या राणी कामाक्षीबाई साहेब मद्रासच्या सुप्रीम कोर्टात गेल्या आणि तेथे जिंकल्या; पण १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की हे राज्यकर्त्याचे कृत्य आहे, न्याय्य की अन्याय्य हे पाहण्याचा अधिकार न्यायालयास नाही. तीन वर्षांनी सरकारने कृपा म्हणून ती मालमत्ता परत दिली आणि थोरल्या राणींनी व्यवस्था पाहावी, इतर राण्यांना उपभोगात सहभागी करावे, असे लिहून दिले. त्या एका वाक्याच्या अर्थावरून राण्याराण्यांत दावा झाला, त्याचा निकाल मद्रास हायकोर्टाने १८६८ मध्ये दिला. शेवटची राणी गेल्यावर पुन्हा वारस कोण हा प्रश्न उठला, कोल्हापूरचे महाराजही पक्षकार झाले, भोसले क्षत्रिय की शूद्र याचा खल भर न्यायालयात झाला, आणि निकाल लागला तो १९२४ मध्ये. राजांच्या मृत्यूपासून जवळजवळ सत्तर वर्षे. त्या दौलतीतील एक भाग मात्र कोणाच्याही वाट्याला गेला नाही: सरस्वती महालातील पोथ्या आणि मोडी दफ्तरे १९१८ मध्ये सार्वजनिक ग्रंथालय म्हणून लोकांना खुली झाली, आणि त्या पोथ्या आजही एकत्र आहेत.

त्या बाईला मी दावा करू नकोस असे सांगितले नाही. तमिळनाडूने १९८९ मध्येच अविवाहित मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला होता, २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो विवाहित मुलींनाही मिळाला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मसिद्ध असल्याचे सांगितले. असा हक्क संकोचाने सोडून देणे मला मान्य नाही. मी एवढेच सांगितले की तिसऱ्या भागाच्या कागदावर सही करू नये, भावास आधी लेखी पत्र पाठवावे, आणि तरीही दावा करावाच लागला तर मध्यस्थीची दारे शेवटपर्यंत उघडी ठेवावीत. कारण कोर्टाबाहेर खासगी तडजोड झाली तरी भरलेली कोर्ट फी परत मिळते, हे मद्रासच्याच एका प्रकरणात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने निश्चित केले आहे.

पैसा नाही म्हणून तिने तो तिसरा भाग कबूल करण्याची गरजच नव्हती. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, विनामूल्य वकील मिळतो. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावयाचा असतो, आणि ते प्रत्येक जिल्ह्यात आहे. आपल्या घरातील ज्या बहिणीने अजून हे ऐकलेले नाही, तिला आज सांगा.