परत आलेला काय सांगतो?

मरणाच्या दारातून माघारी आलेल्या माणसाभोवती लोक गोळा होतात आणि एकच गोष्ट विचारतात, ‘काय दिसले?’ आमच्या एका स्नेह्यांना काहीच दिसले नाही, आणि त्याचेच दुःख त्यांना लागून राहिले आहे.

२०२५ साली कार्तिकी एकादशी आणि ख्रिस्ती मंडळींचा मृतांच्या स्मरणाचा दिवस एकाच तारखेला आले, रविवारी, २ नोव्हेंबरला. गुडघ्यापायी आमची पंढरीची वारी चुकली होती. घरी जीव रमेना, म्हणून सायंकाळी गिरगावात खोताच्या वाडीत गेलो. लाकडी ओसऱ्यांची, बाहेरून जिने चढवलेली तिथली घरे निम्म्याहून अधिक गेली. उरली त्यांत ईस्ट इंडियन, म्हणजे इथलीच, घरात मराठी बोलणारी कॅथलिक कुटुंबे अजून आहेत. क्रुसापाशी मेणबत्त्या लागल्या होत्या.

आमचे स्नेही ऐंशीच्या घरातले. पावसाळ्यात त्यांचे हृदय बंद पडले. डॉक्टरांनी छाती दाबून, विजेचा झटका देऊन ते पुन्हा चालू केले. जन्मभर एक मिस्सा न चुकवलेला हा मनुष्य. पत्नी बारा वर्षांपूर्वी गेली. ती पलीकडे वाट पाहते आहे, या भरवशावर त्यांनी इतकी वर्षे काढली. आणि ते आम्हाला म्हणाले, ‘बुवा, मना कायच नाय दिसला. कालोख बी नाय.’ जावई हसून म्हणतो, काही नाहीच तर दिसणार काय? त्या हसण्याने त्यांची झोप उडाली आहे.

वाचकहो, जावयाचे बोलणे झिडकारून चालणार नाही. संशय हा पाखंडच असतो असे नाही. हॉलंडमधल्या दहा रुग्णालयांत हृदय बंद पडून वाचलेल्या ३४४ रोग्यांना विचारून पाहिले. ते निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ६२ जणांनी प्रकाश, गेलेले आप्त, देहाबाहेर पडणे असे काही सांगितले. बाकीच्या २८२ जणांपाशी सांगण्यासारखे काही नव्हते. म्हणजे आमचे स्नेही बहुमतात आहेत! आपल्याकडे सतवंत पसरिचा आणि इयान स्टीव्हन्सन यांनी १९८६ साली अशा सोळा हकीकती मांडल्या. त्यांत प्रकाशाऐवजी यमदूत येतात, वही उघडतात, भलताच मनुष्य आणला असे आढळते आणि त्याला परत धाडतात. (कारकुनाची चूक तिथेही सुटत नाही!) ज्याने आयुष्यभर जे चित्र मनात बाळगले, तेच त्याला दिसते, असे आम्हाला वाटते. तेव्हा दिसले म्हणून परलोक सिद्ध होत नाही. पण मग न दिसले म्हणून तो खोटाही ठरत नाही. जावयाचे पाऊल घसरते ते इथे. शिवाय जो परत आला तो पुरता गेलाच कुठे होता? उंबऱ्यावरून वळलेल्याला माजघरातले काय ठाऊक!

हे सगळे सांगून झाले, तरी त्यांचा चेहरा पडलेलाच. आकड्यांनी पोट भरत नाही. मग आम्ही त्यांना नेवाशाची गोष्ट सांगितली. सच्चिदानंदबाबांचा देह स्मशानात नेला होता, पत्नी सती जायला निघाली होती. ज्ञानोबारायांनी त्यांना उठवले, असे आपली परंपरा मानते. इतिहासकार ते मानोत न मानोत. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी लिहून घेतली ती सच्चिदानंदबाबांनी, एवढे ग्रंथाच्या शेवटी नमूद आहे. सुमारे नऊ हजार ओव्या त्यांच्या लेखणीतून उतरल्या. पण ‘मी पलीकडे अमुक पाहिले’ अशी त्यांची एक ओळ आमच्या ऐकण्यात नाही. माउलींनी त्यांना ते विचारल्याचेही आम्ही कुठे ऐकले नाही. हाती लेखणी दिली. तुकोबारायांनी तर मुक्तीहून संतसंगतीचा पुन्हा जन्म पसंत केला. पलीकडच्या वर्णनाची त्यांना घाई नव्हती.

अंकल बराच वेळ बोलले नाहीत. आमचे थोडे चुकलेच असावे, कारण त्यांना लेखणी नको होती, बायको हवी होती. त्यांच्या धर्मात शेवटच्या दिवशी मृत देहासह उठतील अशी श्रद्धा आहे. आपल्या पुनर्जन्माचा दिलासा त्यांना कसा पुरावा? म्हणून आम्ही त्यांच्याच शास्त्रातले विचारले. चार दिवस कबरीत राहून उठलेल्या लाजरसाने काय सांगितले?

‘कायच नाय,’ ते दचकून म्हणाले. मग थोड्या वेळाने, ‘पन तो नंतर जेवनाला बसलेला. तसा लिवलाय.’

आणि लगेच आत तोंड करून लेकीला म्हणाले, बुवांना फुगे आण, आईच्या नावाने केलेले. आमची एकादशी त्यांच्या ध्यानात नव्हती. आम्ही पाणी घेतले आणि त्यांच्यासमोर, ते खाईपर्यंत, बसून राहिलो.