डब्याचा धडा

घोरावाडीला डेक्कन क्वीन थांबत नाही. पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल बेगडेवाडी सोडते, इथे जरा टेकते आणि तळेगावकडे निघून जाते. या स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर एका आत्याची ओसरी होती. ओसरीवर इंद्रायणी तांदळाची दोन पोती, घरच्या म्हशींच्या तुपाची किटली आणि वाशाला टांगलेला तराजू. इंद्रायणी हे वाण वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने १९८७ साली दिलं. आत्याही लग्न होऊन घोरावाडीत आली ती त्याच सुमारास, म्हणून ती त्या तांदळाला ‘माझ्या बरोबरचा’ म्हणायची.

तिचा भाचा तिच्याकडेच राहायचा आणि रोज लोकलने शिवाजीनगरला कामाला जायचा. त्याच्या पाकिटात रेल्वेच्या पासामागे एक कार्ड होतं. काळं, चकचकीत, कोपऱ्यात सोनेरी विमान. प्रवासाचं कार्ड. खर्च करा, पॉइंट मिळवा, पॉइंटांचे मैल करा, मैलांचं तिकीट काढा. शिवाय विमानतळावरच्या लाउंजमध्ये मऊ खुर्चीत बसून फुकट नाश्ता. पास रोज खिशातून बाहेर निघायचा. कार्ड मात्र तो चारचौघांत, जरा सावकाश काढायचा.

एका शनिवारी संध्याकाळी बँकेचा मेल आला. ‘आपला अनुभव अधिक समृद्ध करण्यासाठी’ अशी सुरुवात होती. (बँका काही काढून घेतात तेव्हा पत्राची सुरुवात हटकून आनंदाने करतात. वाचणाऱ्याने तिथेच सावध व्हावं.) पुढे तीन कलमं होती. आजवर एका पॉइंटाचा एक मैल व्हायचा, पुढच्या महिन्यापासून दोन पॉइंटांचा एक होईल. लाउंज फुकटच राहील, पण आधीच्या तिमाहीत पंचाहत्तर हजारांचा खर्च कार्डावर झालेला असला तरच. पेट्रोल आणि वॉलेटवर पॉइंट आजवरही नव्हते, यापुढे विम्याच्या हप्त्यावरही मिळणार नाहीत. वार्षिक फी मात्र होती तेवढीच, ५,००० रुपये. तिला त्यांनी हात लावला नव्हता.

भाचा उखडला. “लुटतात साले,” म्हणाला. तासाभराने शांत झाला आणि मग त्याला एक युक्ती सुचली. रागापेक्षा हीच जास्त महाग पडणार होती. त्याचा तिमाहीचा खर्च साठ हजारांच्या आसपास. पंधरा कमी पडत होते. टीव्ही जुना झालाच होता. तो घेतला की या तिमाहीचं गणित जुळत होतं, पुढच्या तिमाहीला आणखी काही तरी निघालं असतं.

“आत्या, टीव्ही घेऊ या का नवा?”

“का रं? हा बिघडला व्हय?”

“नाही. पण लाउंज जाईल ना हातातून.”

आत्याला यातलं काही कळलं नाही. तिने फक्त हातातलं सूप खाली ठेवलं.

तेवढ्यात वाडीतली एक सून स्टीलचा डबा घेऊन तूप न्यायला आली. आत्याने डबा उघडून आत बोट फिरवून पाहिलं, कोरडा होता. तो तिने झाकणासकट एका पारड्यात ठेवला. दुसऱ्या पारड्यात आधी एक चपटा खडा टाकला, मग गंजका बोल्ट, मग एक छोटा खिळा. काटा डब्याच्या बाजूला किंचित कललेला होता. तिने जात्यापाशी पडलेला बाभळीचा ढलपा उचलून अलगद वर ठेवला. काटा सरळ झाला. तो डोळ्यांच्या रेषेत आणून, श्वास रोखून तिने पाहिलं आणि मगच अर्ध्या किलोचं वजन चढवून डब्यात तूप ओतायला घेतलं.

याला धडा करणं म्हणतात. भांड्याच्या वजनाएवढं काहीबाही समोरच्या पारड्यात घालून काटा आधी मधोमध आणायचा, नाही तर गिऱ्हाईक तुपाच्या भावाने स्टील विकत घेतं. आता इलेक्ट्रॉनिक काट्यावर एक बटण दाबलं की काम होतं, त्यामुळे हा शब्द मागे पडला आणि शाळेच्या पुस्तकातला धडा तेवढा उरला.

सून गेल्यावर आत्या म्हणाली, “हां, आता सांग. तुझ्या त्या कार्डाच्या डब्याचं वजन किती?”

“म्हणजे?”

“फुकट मिळतंय म्हणतोस ते तूप. डबा कितीचा पडला?”

भाच्याने फोनवर वर्षभराची स्टेटमेंटं उघडली. फी ५,००० आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ५,९००. पहिल्या वर्षी फी माफ होती, म्हणून त्याच्या डोक्यात कार्ड कायमचंच फुकट झालेलं. गणपतीच्या धामधुमीत एकदा भरणा आठ दिवस उशिरा गेला होता. दंड, व्याज आणि त्यावरचा कर मिळून १,१५०. त्याने तांदळाच्या पावतीच्या मागे बेरीज लिहिली, ७,०५०.

“हा झाला धडा,” आत्या म्हणाली. “आता तूप वत.”

वर्षात पॉइंट मिळणारा खर्च झाला होता दोन लाखांचा. शंभराला चार, म्हणजे आठ हजार पॉइंट. त्यातून त्याने दिल्लीच्या तिकिटाचा काही भाग काढला होता. हिशेब केला तर एक पॉइंट पन्नास पैशांना पडला होता, म्हणजे ४,००० रुपये. लाउंजमध्ये चारदा गेला होता.

“त्याचे चार हजार धर. एका वेळचे हजार रुपये असं त्यांच्याच माहितीत लिहिलंय.”

“काय खाल्लंस तिथं?”

“पोहे. एकदा इडली. कॉफी.”

“खिशातनं हजार देऊन खाल्ले असतेस?”

भाचा हसला. “दोनशे दिले असते. तेही कुरकुरत.”

“मंग दोनशे लिही. दुकानदार काय किंमत सांगतो ते त्याच्या वहीत. तुझ्या वहीत तू काय दिलं असतंस तेच.”

चार दुणे आठ, ८०० रुपये. एकूण ४,८००. भाच्याने दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहिले आणि गप्प बसला. उशिराचा दंड स्वतःचीच चूक म्हणून बाजूला काढला तरी ५,९०० विरुद्ध ४,८००. हे फायदे कापायच्या आधीचं होतं. ज्या दिवसांच्या आठवणीने तो संध्याकाळभर हळहळत होता, त्या दिवसांतही काटा बँकेकडेच कललेला होता.

नवीन नियमाने मांडलं तर आठ हजार पॉइंट दर नगास पंचवीस पैशांचे, म्हणजे दोन हजार. विम्याच्या हप्त्याचे पॉइंट गेले की तेवढेही नाहीत. लाउंज शून्य. आणि ते शून्य भरून काढायला दर तिमाहीला पंधरा हजारांची जास्तीची खरेदी, म्हणजे वर्षाला साठ हजार, आठशे रुपयांच्या पोह्यांसाठी.

“पावली,” भाचा पुटपुटला. “पॉइंटाची पावली झाली.”

पंचवीस पैशांचं नाणं ३० जून २०११ पासून चलनातून बाद झालं. भाजीवाला ते घेत नाही, भिकारीही नाही, पण पॉइंट मोजताना मात्र जगभरची बुद्धी त्या पावलीत अडकलेली असते. आत्याला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. तिचे आजेसासरे तळेगावच्या काच कारखान्यात भट्टीवर होते. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा करून पैसाफंड उभा केला, त्यातून १९०८ साली तो कारखाना निघाला. त्या घरात पैशाला कोणी क्षुल्लक म्हणत नसे. “पावली लहान न्हाई,” ती म्हणाली, “पर आठशेच्या पोह्यांपायी साठ हजार घालायचे, ही कुठली रीत?”

ही गोष्ट कुठल्या बँकेची ते सांगण्यात अर्थ नाही, कारण कुठल्याही बँकेची चालेल. ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डावर १ सप्टेंबर २०२३ पासून पाच पॉइंटांच्या चार मैलांऐवजी दोनच मैल होऊ लागले. आयसीआयसीआय बँकेने १ एप्रिल २०२४ पासून अनेक कार्डांवरचं लाउंज आधीच्या तिमाहीतल्या ३५,००० रुपयांच्या खर्चाला बांधलं. १२ नोव्हेंबर २०२४ ला तर विस्तारा ही विमान कंपनीच एअर इंडियात विलीन झाली आणि तिच्या नावाची कार्डं बाळगणाऱ्यांना नव्याने हिशेब मांडावा लागला. पॉइंट हे बँकेने छापलेलं चलन आहे. त्याचा भाव तीच ठरवते, तीच बदलते. ते साठवून ठेवणारा माणूस पावसात मिठाचं पोतं राखत बसल्यासारखा असतो.

रात्री आठच्या सुमारास डेक्कन क्वीन धडधडत गेली. ओसरीवरची भांडी थरथरली. आत्याने रुळांच्या दिशेने मान केली. “बघ, केवढी झोकाची गाडी. मी कवा वाईट म्हणलं तिला? पर आपल्या स्टेशनात थांबत न्हाई. तिचं तिकीट काढून आपण करायचं काय?”

भाच्याला मात्र लगेच पटलं नाही. त्याच्या ऑफिसात त्याच्याच शेजारी बसणाऱ्या मित्राकडे हेच कार्ड होतं. सोमवारी त्याने तोच कागद मित्रापुढे ठेवला. मित्र महिन्यातून दोनदा कामासाठी बंगळुरूला उडायचा. तिकिटं, हॉटेल सगळं स्वतःच्या कार्डावर घ्यायचा आणि कंपनीकडून पैसे वसूल करायचा. त्याचा वर्षाचा खर्च नऊ लाख, पॉइंट छत्तीस हजार, पावलीच्या भावानेही नऊ हजार रुपये. लाउंजची अट तो न बघता पार करायचा आणि तिथे जेवणच उरकायचा. भरणा एकदाही चुकलेला नाही. फी वजा करूनही पारडं त्याच्याकडे झुकत होतं. तराजू तोच, धडाही तोच ५,९०० चा.

“मग मी ठेवतो,” मित्र म्हणाला.

“ठेवच,” भाचा म्हणाला. हे म्हणताना त्याला जरा दुखलं. बंगळुरूला जाणारा माणूस आपण आहोत, असंच तो दोन वर्षं धरून चालला होता.

त्या आठवड्यात त्याने टीव्हीचा विषय सोडला. खात्यावर ३,२०० पॉइंट पडून होते. कार्ड बंद केलं की बहुतेक ठिकाणी पॉइंटही बुडतात, म्हणून आधी त्यांची ८०० रुपयांची व्हाउचरं करून घेतली, नुकसान होतंय हे माहीत असूनही. मग शेवटचं बिल पै न पै चुकतं केलं आणि बंद करण्याचा अर्ज दिला. बँकेतून फोन आला. फी अर्धी करू म्हणाले, वर दोन हजार पॉइंट देऊ म्हणाले. भाच्याने फोन खांद्याने कानाशी धरून पावतीच्या मागे पुन्हा आकडे मांडले. अर्धी फी करासकट २,९५०. वर्षाच्या पॉइंटांचे आणि वरच्या दोन हजार पॉइंटांचे मिळून अडीच हजार. “नको,” म्हणाला. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे थकबाकी नसेल तर अर्ज केल्यापासून सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, त्यापुढे दिवसाला ५०० रुपये दंड बँकेने ग्राहकाला द्यायचा असतो. पाचव्या दिवशी खातं बंद झाल्याचा मेसेज आला.

त्याने आत्याच्या पानाच्या तबकातला अडकित्ता घेतला आणि कार्डाची चिप मधोमध कापली. मग काळी पट्टी. सोनेरी विमानाचा कोपरा तेवढा अख्खा राहिला. तो त्याने तराजूखालच्या फळीवर ठेवून दिला आणि विसरून गेला.

महिनाभराने वाडीतली सून पुन्हा तूप न्यायला आली. या खेपेला डबा मोठा होता. आत्याने खडा टाकला, बोल्ट टाकला, खिळा टाकला, ढलपाही टाकला. काटा अजून केसभर डब्याकडे होता. तिने फळीवर हात फिरवला, हाताला लागला तो काळा तुकडा उचलला, विमान वर की खाली हे न बघता पारड्यात टाकला.

काटा सरळ झाला. आत्याने किटलीकडे हात नेला.